अल्बमवरचा जिराफ

माझ्या भावाच्या अल्बमचं कव्हर मला दोनदा करावं लागलं. पहिलं माझ्या मते फार सुंदर झालं होतं, पण ते चालणार नाही असं भावजयीनं सांगितलं. दुसरं मी आणि नायनांनी मिळून केलं. नायना म्हणजे माझे वडील; आमच्या तेलुगूत वडिलांना तसं म्हणतात. आम्ही सोलापूरच्या पूर्व भागातले, पिढ्यान्‌पिढ्या मागावरचे. घरात तेलुगू, दाराबाहेर मराठी. इथं सगळ्यांचं बोलणं मी मराठीतच लिहिलं आहे.

अल्बम करणं हेच माझं पोटापाण्याचं काम. आधी मी एका शाळेत हस्तकला शिकवायची. एका वर्षी दहावीच्या मुलींना त्यांच्या बाईंना निरोपाची भेट द्यायची होती. त्यांनी माझ्याकडून हातानं बांधलेला, जाड काळ्या पानांचा अल्बम करून घेतला. तो बघून दुसरीनं मागितला, दुसरीचा बघून तिसरीनं. पुढं शाळा सुटली, अल्बम राहिले. आतली पानं गिऱ्हाईक आपापली भरतं. माझा जीव कव्हरात. पुठ्ठा कापायचा, त्यावर कापड ताणून बसवायचं, कोपरे असे मोडायचे की घडीवर घडी येऊनही फुगवटा दिसू नये, आणि मग वरची सजावट. कुणाला मोती हवेत, कुणाला कागदाचे गुलाब, कुणाला लाकडी अक्षरांत नाव. मला आवडतात ते घरातलं कापड घेऊन येणारे लोक. एक बाई आईच्या इरकलीचा पदर घेऊन आल्या होत्या. माझ्या हातात देताना त्यांनी तो दोनदा परत घेतला, तिसऱ्यांदा दिला आणि मागं न बघता जिना उतरून गेल्या.

नायना चादरीच्या कारखान्यात डिझाईन काढायचे. चादरीवरचा मोर किंवा गुलाब आधी चौकड्यांच्या कागदावर उतरवावा लागतो, एकेक चौकोन रंगवत. मग त्या चौकोनांबरहुकूम लांबट पुठ्ठ्यांना भोकं पाडतात, पुठ्ठे दोरीनं एकमेकांना ओवतात आणि ती माळ मागाच्या डोक्यावर चढवतात. कुठला धागा कधी उचलायचा ते भोकं सांगतात. नायनांनी आयुष्यभर मोर काढले, हरणं काढली, कमळं काढली. पुढं हे काम संगणकावर होऊ लागलं आणि त्यांना घरी बसवलं. त्यांच्या पेन्सिली आणि रबर अजून एका डब्यात आहेत.

माझा भाऊ माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. माझं लग्न झालं नाही. का झालं नाही ते वेगळं, पण त्यामुळं तो मला भावापेक्षा मुलासारखाच जास्त होता. पहिलीत असताना त्यानं पुस्तकात जिराफाचं चित्र बघितलं आणि नायनांच्या मागं लागला.

"नायना, जिराफाची चादर करा की."

नायनांनी खरंच मालकांना विचारलं. मालक हसले. "जिराफ कोण पांघरणार? मोर द्या, गुलाब द्या. आणि घडी घातली की मान मोडणार की हो त्याची."

नायना घरी आले आणि चौकड्यांचा कागद घेऊन बसले. कारखाना सुटला की रोज थोडा वेळ. भाऊ शेजारी पोटावर पडून बघत असायचा. मधल्या एका दिवशी नायना पाणी प्यायला उठले तेव्हा त्यानं पेन्सिल घेऊन जिराफाच्या पायाशी चार चौकोन स्वतःच्या हातानं रंगवले. ते नायनांच्या लक्षात आलं तेव्हा पुठ्ठ्यांना भोकं पाडून झाली होती.

"हे काय केलंस रे?"

"ते त्याचं पिल्लू आहे. लांब उभं आहे म्हणून बारीक दिसतंय."

नायनांनी ते तसंच ठेवलं. सुटीच्या दिवशी मालकांची परवानगी काढून त्यांनी स्वतः मागावर उभं राहून ती एक चादर विणली. लाल मातकट रंगावर पिवळे जिराफ, आणि प्रत्येकाच्या पायाशी तो पिवळा ठिपका. आमच्याकडच्या चादरीची उलटी बाजूही तितकीच नेटकी असते, फक्त रंगांची अदलाबदल होते. म्हणून मागून पिवळ्यावर लाल जिराफ. तशी चादर दुसरी झाली नाही. भाऊ लग्न होईपर्यंत तीच पांघरून झोपला, आणि लग्नानंतरही काही दिवस, असं भावजय हसत सांगायची.

तो एका टॉवेलच्या कारखान्यात पॅकिंगचं बघायचा. मोबाईलवर सारखे फोटो काढायचा. टॉवेलच्या थप्प्यांचे, शेंगा भाजणाऱ्या बाईचे, पावसाळ्यात भरलेल्या आमच्या बोळाचे. मुलगी झाल्यावर बाकी सगळं मागं पडलं, फक्त तिचेच.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत तो गेला. चौतीस वर्षांचा होता, मुलगी तीन वर्षांची. अम्मा त्याच्या आधी काही वर्षं गेली होती. तिला हे बघावं लागलं नाही, असं नातेवाईक म्हणायचे. नायना तसं कधी म्हणाले नाहीत.

दवाखान्यातून तो दोनदा व्हिडिओ कॉलवर बोलला. दुसऱ्या वेळी तोंडावरचा मास्क जरा बाजूला करून म्हणाला, "नायना, इथं गार लागतंय." एवढंच. बाहेर मे महिना, सोलापूरचं ऊन, पत्र्याखाली आम्ही भाजत होतो, आणि त्याला गार लागत होतं. नायनांनी ट्रंकेतून जिराफाची चादर काढली, पिशवीत घातली, आणि आम्ही दोघं दवाखान्याच्या फाटकाशी गेलो. तिथल्या माणसानं आम्हाला हाकलून दिलं नाही, चांगलं बोलला.

"बाबा, बाहेरचं कापड आत जात नाही. आत देतात पांघरायला. तुम्ही घरी जावा."

नायना गेले नाहीत. दुपार कलेपर्यंत पिशवी छातीशी धरून समोरच्या भिंतीच्या सावलीत उभे राहिले. मी त्यांना कितीदा म्हटलं, चला. ते म्हणायचे, "माणूस बदलेल फाटकावरचा. दुसऱ्याला विचारू." दुसराही आला, त्यानंही तेच सांगितलं.

चौथ्या दिवशी सकाळी फोन आला. आम्ही लांबून बघितलं. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं होतं सगळं. तो किती उंच होता एवढंच फक्त कळत होतं. घरी आल्यावर नायनांनी अंघोळ केली, ओले कपडे वाळत घातले आणि मला म्हणाले, "चादर माझ्या हातातच राहिली." त्यानंतर त्यांनी ती ट्रंकेत तळाशी घातली. मी ती पुन्हा दोन वर्षं बघितली नाही.

भावजय आणि मुलगी आमच्यातच राहिल्या. भावजय मला वदिना म्हणते, म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण, आणि नायनांना मामय्या, म्हणजे सासरे. मुलीचे ते तात, म्हणजे आजोबा, आणि मी अत्ता, म्हणजे आत्या. घरात आम्ही चौघं एकमेकांना सांभाळून वागायचो. कुणी एकानं रडायचं नाही, कारण मग सगळेच रडणार. मुलगी नायनांच्या मांडीवर बसून चौकड्यांच्या जुन्या कागदावर रंग भरायची. मी कव्हरं करायची, भावजय मला पानं कापून द्यायची. तिचा हात माझ्यापेक्षा सरळ.

दोन वर्षं झाल्यावर एके दिवशी नायना धुतलेला सदरा घालून बाहेर पडले आणि थेट भावजयीच्या माहेरी गेले. परत आले तेव्हा मला स्वयंपाकघरात बोलावलं.

"मी तिच्या वडिलांना सांगून आलो. पोरीसाठी स्थळ बघा म्हणून."

"तुम्ही स्वतः जाऊन?"

"मग कोण जाणार? ते बिचारे लाजेनं बोलत नव्हते. ती एकोणतीसची आहे. मला सोबत पाहिजे म्हणून तिला किती वर्षं बसवू?"

स्थळ भिवंडीचं आलं. आमच्याच लोकांतलं, घरात यंत्रमाग, पहिली बायको वारलेली, मूल नाही. मुलीला आपली म्हणून वाढवीन, असं त्या माणसानं सगळ्यांसमोर सांगितलं. मी त्याच्यात खोट शोधायचा पुष्कळ प्रयत्न केला. सापडली नाही. बोलताना नायनांकडे बघून बोलायचा, आवाज खाली ठेवून.

लग्न ठरल्यावर मी मनात घेतलं की मुलीबरोबर तिच्या बापाचा अल्बम द्यायचा. ती पाच वर्षांची झाली होती. तिकडे गेल्यावर त्याच्याबद्दल कोण सांगणार? दवाखान्यातून परत आलेला त्याचा फोन भावजयीकडे होता. त्यातले फोटो आम्ही दोघींनी बसून निवडले. तो स्वतः फारसा नव्हताच त्यात, कारण काढणारा तोच. मग मी जुने फोटो शोधले. शाळेतले, सोळाव्या वर्षी मानेपर्यंत केस वाढवले होते तेव्हाचे, लग्नातले. शेवटी काही पानं कोरी ठेवली.

आणि कव्हर. तसं कव्हर मी कुणालाच केलं नव्हतं. आकाशी रेशमी कापड घेतलं. पुठ्ठ्याला मधोमध खिडकी कापली आणि आत फोटो बसवला. जानेवारीतल्या गड्ड्याच्या जत्रेतला, मुलगी त्याच्या खांद्यावर, तिच्या हातात म्हातारीचे केस, त्यातले थोडे त्याच्या डोक्याला चिकटलेले. खिडकीभोवती पांढरी कागदी फुलं, प्रत्येक पाकळी वेगळी कापून, कडा नखानं वळवून. खाली लाकडी अक्षरांत 'पप्पा'. पंधरा दिवस मी दुसरं काम हातात घेतलं नाही.

भावजयीला दाखवलं तेव्हा तिनं आधी हात पुसले. फुलांवरून बोट फिरवलं. मग फोटोवर तळवा ठेवून बराच वेळ बसली. मला वाटलं, आवडलं.

"वदिना," ती म्हणाली, "हे मी तिथं घेऊन नाही जाऊ शकत."

"का?"

"आत काय असायचं ते असू दे. पण हे टेबलावर पडलं, कपाटावर पडलं, तर येणारा-जाणारा आधी हाच फोटो बघणार. त्यांच्या आई घरात असतात. त्यांच्यासमोर मी रोज हे कसं ठेवू? आणि आत कपाटात ठेवलं तर ही उद्या म्हणेल, आई पप्पाला लपवून ठेवते."

तिचं बरोबर होतं. तेव्हाही मला ते कळत होतं. पण पंधरा दिवस मी त्याच्या चेहऱ्याभोवती फुलं लावत बसले होते, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "म्हणजे आता त्याला तोंड दाखवायचीही चोरी? नवीन संसारात अडचण होतो तो?"

ती रडली नाही. "मला बोला तुम्ही," ती म्हणाली. "मी ऐकून घेईन. पण तिला तिथं राहायचंय."

मुलगी शेजारीच कागदाच्या उरलेल्या पाकळ्या वेचत होती. भावजय तिला उचलून बाहेर घेऊन गेली. मी लाकडी अक्षरं नखांनी उकरून काढली. एकेक निघताना खालचं रेशीम फाटत गेलं. ते बोलणं मी आजही परत घेऊ शकलेले नाही. नंतर माफी मागितली, तिनं "सोडा हो" म्हटलं. पण बोललेलं ते बोललेलंच.

नायना आतल्या खोलीत होते. त्यांनी सगळं ऐकलं असणार. दुसऱ्या दिवशी सकाळी देवपूजा झाली, आणि ट्रंक ओढल्याचा आवाज आला. ते बाहेर आले ते चादर घेऊन. माझ्या कामाच्या टेबलावर त्यांनी ती पसरली. दोन वर्षांच्या घड्या तिच्यावर उमटलेल्या होत्या.

"अल्बम किती उंच आहे?"

मी सांगितलं. त्यांनी जिराफावर वीत ठेवून मापलं, पायापासून शिंगापर्यंत.

"बसत नाही. मान जाते. दोन बोटं वाढव."

"नायना, ही चादर?"

"कात्री दे."

मी दिली नाही. आमच्या घरात जुन्या टॉवेलचं फडकं केलं तरी नायनांना राग यायचा. विणलेल्या कापडाला उगाच कात्री लावायची नाही, हा त्यांचा नियम. मी म्हटलं, दुसरं काहीतरी करू, मी नवीन कापडावर जिराफ काढते, भरतकाम करते. त्यांनी स्वतःच हात पुढं करून कात्री घेतली.

"जिराफ आहे," ते म्हणाले. "लहान पोरीच्या वहीवर जिराफ असतोच. कुणाला त्यात काय दिसणार? कुणी काही विचारणार नाही तिला."

मग त्यांनी कापलं. दोन धाग्यांच्या मधून, सरळ, डोळ्याजवळ धरून, कारण त्यांच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरत होता. जाड कापडात कात्री करकर वाजत होती. एक तुकडा पुढच्या कव्हरासाठी, एक मागच्यासाठी. दोन्ही कापून झाल्यावर त्यांनी कात्री खाली ठेवली, हात मांडीवर ठेवले, आणि त्यांचे खांदे हलायला लागले. भाऊ गेल्यापासून मी त्यांना रडताना बघितलं नव्हतं. मी उठून त्यांच्याजवळ गेले नाही. दुसरीकडे बघत पुठ्ठा मापत राहिले, कारण मी जवळ गेले असते तर ते थांबले असते.

ते कव्हर करायला आम्हाला तीन दिवस लागले. चादरीचं कापड पुठ्ठ्यावर बसायला मागत नाही. जाड असतं, कापलेल्या कडेचे धागे सुटतात, आणि गोंद जास्त झाला की वर डाग फुटतो. नायनांनी तांदळाची पातळ खळ शिजवली, जशी मागावर चढवायच्या आधी सुताला देतात. उलट बाजूनं ब्रशनं लावली, सावलीत वाळवली, वर ओलं फडकं टाकून इस्त्री फिरवली. मग कापड शहाण्यासारखं वागायला लागलं. कोपऱ्यात फार जाड होत होतं. मी आतले धागे एकेक ओढून काढले, तेव्हा कुठं घडी बसली. पुढच्या कव्हरवर पिवळा जिराफ लागला, मागच्यावर उलटी बाजू लावून लाल.

पायाशी तो ठिपका होताच. मला वाटलं तिथं एक मोती लावावा, जरा शोभा येईल. नायना म्हणाले, "त्याला हात लावू नकोस."

कव्हरवर नाव नाही, अक्षर नाही, लेस नाही. माझ्या सगळ्या कामांत इतकं साधं कव्हर दुसरं नाही. उरलेली चादर नायनांनी स्वतःला पांघरायला घेतली. कापलेल्या जागी मी ठिगळं लावून दिली.

भावजयीच्या हातात अल्बम दिला तेव्हा तिनं जिराफ ओळखला. लग्नानंतरच्या पहिल्या थंडीत ती त्याच चादरीखाली झोपली होती. तिनं त्या ठिपक्यावर बोट ठेवलं. "हे पिल्लू ना? लांब उभं असलेलं?" ती म्हणाली, आणि नायनांच्या पायांवर डोकं ठेवलं. नायना तिला म्हणाले, "ऊठ, ऊठ. प्रवासाची भाकरी बांधायची राहिलीय."

मुलीला जिराफ भारी आवडला. तिनं अल्बम पोटाशी धरला.

"तात, आतपण जिराफ आहेत?"

"आत माणसं आहेत," नायना म्हणाले.

लग्न देवळात झालं, मोजक्या लोकांत. नायनांनी सुनेला मुलगी म्हणून उभं राहून दिलं. लोक त्यांचं कौतुक करत होते, आणि ते मान खाली घालून अक्षतांचं ताट धरून उभे होते. ते सगळे निघाले तेव्हा मुलगी गाडीच्या खिडकीतून हात हलवत होती. तिला वाटत होतं की आम्ही मागच्या गाडीनं येणार आहोत. तसं तिला कुणी सांगितलं होतं ते कळलं नाही. कदाचित ती स्वतःच तसं धरून चालली असेल.

सुरुवातीला रोज फोन यायचा. मग एक दिवसाआड, मग रविवारी. यात कुणाचा दोष नाही, शाळा सुरू झाली, तिकडं वर्षभरात तिला भाऊ झाला. एका रविवारी बोलता बोलता ती मागं वळून ओरडली, "पप्पा, थांबा ना, तातांशी बोलतेय!" फोन नायनांच्या हातात होता. त्यांनी बोलणं पुरं केलं, शाळेत काय शिकवलं ते विचारलं, आशीर्वाद दिला. फोन ठेवल्यावर मला म्हणाले, "चांगलं झालं. हाक मारायला माणूस पाहिजे पोरीला." आणि उन्हात पायरीवर जाऊन बसले. जेवायला बोलावलं तर भूक नाही म्हणाले.

मागच्या उन्हाळ्यात भावजय दोघा मुलांना घेऊन आठ दिवस राहायला आली. मुलगी सात वर्षांची झाली होती, समोरचे दात पडलेले. पिशवीतून तिनं सगळ्यात आधी अल्बम काढला आणि मला म्हणाली, "अत्ता, बघा, मी किती सांभाळलाय."

मी बघितला. जिराफाच्या मानेवर चमकीचे स्टिकर होते, फुलपाखरं, तारे, एक आइस्क्रीम. पोटावर निळ्या पेननं तिनं आपलं नाव लिहिलं होतं. एका कडेचे धागे सुटायला लागले होते, तिथं कुणीतरी लाल दोऱ्यानं बारीक टाका घातला होता.

"हे कुणी शिवलं गं?"

"आमच्या आजीनं. म्हणाली, इतकं छान कापड आहे, उसवून जाईल."

मी ज्यांच्यासाठी कव्हरवरून त्याचा चेहरा काढला होता, त्याच बाईंनी ते कापड शिवून धरलं होतं. मला त्यांचा राग करायचा होता, दोन वर्षं करत आले होते.

दुपारी मुलगी नायनांच्या शेजारी पाय पसरून बसली आणि पानं उलटत गेली. नायनांच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, दुसऱ्यानं कमी दिसायचं, म्हणून ते वाकून बघत होते. शेवटची कोरी पानं भरून गेली होती. तिथं नवीन घराची गच्ची होती, धाकट्या भावाचं बारसं होतं, मागाजवळ उभे असलेले तिचे पप्पा होते. मग ती परत पहिल्या पानांकडे आली.

जत्रेच्या फोटोवर बोट ठेवून म्हणाली, "हे माझे आधीचे पप्पा." शाळेत धडा म्हणून दाखवतात तशी.

"आठवतात का तुला?" नायनांनी विचारलं.

तिनं जरा विचार केला. खोटं बोलायचं नाही, असं ठरवल्यासारखा चेहरा केला. "फोटोतले आठवतात."

नायनांनी मान हलवली. तिनं पान उलटलं. तिथं तो सोळाव्या वर्षीचा होता, मानेपर्यंत केस, कमरेवर हात. त्या फोटोत तो कुणाला पटकन ओळखू येत नाही.

"आणि तात, हा कोण?"

मी दारात तांदूळ निवडत होते. मला वाटलं, आता ते सांगतील, अगं हाच तो, तुझा बाप. माझे हात थांबले. नायनांनी फोटो डोळ्याजवळ घेतला, बराच वेळ बघितला.

"हा माझा मुलगा," ते म्हणाले.

"तुमचा?"

"माझा."

"बरं," ती म्हणाली आणि पुढचं पान उलटलं.

भावजय माझ्यामागं येऊन उभी होती, कडेवर धाकटा. तिनंही ऐकलं होतं. तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि कितीतरी वर्षांनी आम्ही दोघी एकाच वेळी, एकमेकींना न अडवता रडलो. आतल्या दोघांना कळू नये म्हणून आवाज न करता.

जायच्या आदल्या दिवशी ती म्हणाली, "वदिना, पानं संपलीत. आणखी घालता येतील का?" मी शिवण उसवून वीस काळी पानं वाढवून दिली. शिवण घालताना मुलगी दाभणाशी बसून प्रत्येक पान मोजत होती.

सकाळच्या गाडीनं ती तिघं गेली. मी स्टेशनवर गेले. नायना आले नाहीत. डोळ्यात औषध घालायची वेळ झालीय म्हणाले, आणि दारातूनच हात जोडल्यासारखे केले, जसे ते पाहुण्यांना करतात.